वर्षालीची शिफ्ट

प्रिय करिष्मा,

दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोललेलं लपत नाही, आणि मला जे सांगायचंय ते तुझ्या वहिनीच्या, वर्षालीच्या कानावर जायला नको, म्हणून पत्र. शेजारच्या बिल्किसचे यजमान गॅरेजचं सामान पोचवायला तळेगावला येतात, त्यांच्या हाती देतेय. एकटीच वाच आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच रागावून ठेवून देशील, तुझी सवय मला माहीत आहे.

तुझा निरंजनदादा बरा आहे. पॅरालिसिसचा झटका येऊन वर्ष होत आलं. उजवा हात अजून साथ देत नाही, पण काठी धरून मोरीपर्यंत जातो. बोलणं थोडं सुटलंय. 'आई' आणि शिव्या स्वच्छ येतात, बाकीचं अडतं. परवा टीव्हीवर मॅच बघताना असा काही शब्द हासडला, की बिल्किस तोंडाला ओढणी लावून हसली. मीही हसले.

वर्षाली मात्र चाकणला कंपनीत जायची थांबली आहे. तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. नवऱ्याला म्हातारीच्या गळ्यात टाकून ही नटूनथटून कंपनीत जाते, आणि दादाला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं ते हिच्याच हलगर्जीपणामुळे, असं तू तिला म्हणालीस. ती 'बरं' म्हणाली आणि कणीक मळायला बसली. सुपरवायझर सोमवारपर्यंत तिची जागा ठेवणार आहे, मग दुसरी बाई घेणार. ही नोकरी गेली तर तशी पुन्हा मिळायची नाही.

अगं, तिला कामावर मीच पाठवलं होतं. निरंजनला घरी आणलं तेव्हापासून त्याचं सगळं तीच करत होती. कूस बदलणं, पुसणं, व्यायाम, औषधं. केस विंचरायचं सोडलं होतं तिने. एकदा त्याला भरवून झाल्यावर रिकामं ताट मांडीवर घेऊन बसून राहिली. तू जेवलीस का विचारलं, तर तिला आठवेना. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, की आजाऱ्याचं करणाऱ्या माणसालाही बदली माणूस लागतं. आपल्यात कुठली बदली? आपल्यात सून असते, आणि ती एकच असते. म्हणून मी म्हटलं, तू जा, दिवसाचं मी बघते, दुपारी बिल्किस बसेल. बिल्किसने सासूचं असंच केलंय, ती न बोलावता येते.

आणि ते भेटायला येणारे! सफरचंदं आणायची, 'कुणाची दृष्ट लागली गं' म्हणायचं, चहा ढोसायचा आणि कपबश्या वर्षालीने विसळायच्या. आता मी कुणाला चहा विचारत नाही, काम सांगते. तुझ्या मामाने निमूट पायांचा व्यायाम करून घेतला. मामी तेव्हापासून फिरकली नाही. बरंच झालं.

कंपनीतून आली की वर्षाली खांद्यावरची पिशवीसुद्धा न काढता दारातच मला विचारायची. किती खाल्लं, लघवी झाली का, खोकला आला का. पुढच्या माणसाला चार्ज, म्हणजे कामाची सगळी खबर, दिल्याशिवाय कंपनीत कुणी जागा सोडत नाही म्हणे. मला पहिल्यांदा राग आला, माझ्या पोराचं मलाच विचारते! मग सवय झाली. नंतर तर तिने चप्पल काढायच्या आत मीच सगळं सांगायला लागले. ती घरी असताना दमलेली असायची, पण बोलायची, हसायची. आता नुसती घरात आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू आलीस त्या दिवशी वर्षाली कामावर होती. त्याला टेकवून बसवायचं, पाणीसुद्धा पावडर घालून दाट करून चमच्याचमच्याने द्यायचं, हे तिने तुला फोनवर सांगितलं होतं. मी मोरीत धुणं धूत होते. बाहेर आले तर तू त्याला झोपल्या झोपल्या नारळपाणी पाजत होतीस. त्याला जोराचा ठसका लागला, तू तोंड पुसलंस आणि गाडी गाठायला निघालीस. मायेनेच पाजलंस, मला कळतं. रात्री ताप चढला. पाणी फुप्फुसात गेलंय, कुणी पाजलं, म्हणून डॉक्टर ओरडले. वर्षालीला चार्ज देताना मी सगळं सांगितलं होतं, तरी ती म्हणाली, 'मी.' सगळ्या वॉर्डासमोर बोलणी खाल्ली पोरीने. बाहेर येऊन मला शपथ घातली. म्हणाली, करिष्माताईंना कळलं तर त्या यांना हात लावायला घाबरतील, आणि यांना बहीण हवीय. तेच तू तिच्या तोंडावर फेकलंस, तरी ती 'बरं'च म्हणाली. माझ्याने राहवेना, म्हणून शपथ मोडली. तू रडत बसू नकोस. तिला फोन कर आणि सोमवारी बस पकड म्हणून सांग. रविवारी तू ये. त्याला कसं टेकवायचं, पाणी कसं दाट करायचं, मी शिकवते. मग वर्षालीच्या देखत तू त्याला भरव, आणि भीती वाटली तरी चमचा खाली ठेवू नकोस.

तुझीच,
आई