मागच्या तारेची सावली

आई,

नावेची ती मागची तार तुटणार हे तुला त्या सकाळी माहीत होतं का? नऊ वर्षं हा प्रश्न मी धरून बसले आहे आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही. कॉलेजात सर सांगायचे, प्रश्न नीट मांडला की अर्धं उत्तर हातात येतं. हा मी सगळ्या बाजूंनी मांडून पाहिला, अर्धंसुद्धा आलं नाही. तुला विचारायची सोय होती तेव्हा चौदा महिने तू समोर खाटेवर होतीस, आणि त्या चौदा महिन्यांत आपण एकमेकींशी काय काय बोललो ते आठवलं की वाटतं, विचारलं नाही तेच बरं.

नाव पुण्याच्या डॉक्टरांची. त्यांनी ती ट्रकवर घालून धरणावर आणली तेव्हाच ती जुनी होती. वडील गेले होते, मी तुझ्या कडेवर होते, आणि तुला नाव धुण्यापुसण्याच्या कामावर ठेवलं होतं. डॉक्टरांनी दोराला मारलेली गाठ पाहून तू हसलीस, हे तूच पुढे सगळ्यांना सांगायचीस. तुझ्या वडिलांनी जन्मभर घायपाताचे दोर वळले होते. तू ती गाठ सोडलीस, दोराचे पीळ उकलून एकमेकांत ओवलेस आणि असा जोड दिलास की हात फिरवला तरी सापडू नये. त्या दिवसापासून शीड, दोर, तारा, सगळं तुझ्याकडे आलं. पुढे डॉक्टरांचे गुडघे गेले आणि ते "सांभाळ बाई" म्हणून नावच तुला देऊन गेले. धरणावर बाकी सगळ्या नावा वल्ह्याच्या नाहीतर डिझेलच्या. शिडाची आपली एकच. लोक लांबून ते पांढरं शीड बघून फेरी मारायला यायचे आणि एक काळी, दातांना मिश्री लावलेली बाई सुकाणूवर बसलेली बघून जरा थबकायचे.

डोलकाठीला तू खांब म्हणायचीस. खांब चार तारांवर उभा, एक पुढे, एक मागे, दोन बाजूंना. सकाळी नाव सोडायच्या आधी चारही तारांवरून वातींचा कापूस फिरवायचा, हा तुझा नेम. अकोले गावच्या बाजारातून देवासाठी म्हणून कापूस यायचा आणि देवाला त्यातला चिमूटभर मिळायचा. तारेचा एखादा बारीक पदर तुटला असेल तर तिथे कापूस अडकतो. "डोळ्याला दिसत न्हाई, कापसाला दिसतं," तू म्हणायचीस. कापूस अडकला की त्या दिवशी नाव निघायची नाही. किनाऱ्यावर कोणी कितीही मोठा माणूस उभा असो.

मी दहा वर्षांची असताना एकदा तू ते काम माझ्यावर सोपवलंस. माझ्या हातात गोष्टींचं पुस्तक होतं. मी कापूस तसाच डब्यात ठेवला आणि फिरवला म्हणून सांगितलं. तू डबा उघडलास. कापूस पांढराशुभ्र. जुन्या तारेवरून फिरलेला कापूस काळा होतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तू ओरडली नाहीस. माझं मनगट धरलंस, उजवीकडच्या तारेपाशी नेलंस, तळहात तारेवर दाबलास आणि खाली ओढलास. तुटका पदर कुठे आहे हे तुला आधीच माहीत होतं, आई. तू बरोबर तिथूनच ओढलास. मग तोच कापूस जखमेवर दाबून धरलास आणि म्हणालीस, "आता इसरायची न्हाईस." मी विसरले नाही. तीन रेघा अजून आहेत. लिहिताना त्याच कागदावर टेकल्या आहेत.

तू मला शिकवलंस, हे मी नाकारत नाही. घराण्यात बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. तू मला संगमनेरला पाठवलंस आणि दर सुट्टीत त्याचा सूड घेतलास. चूल पेटत नसली की म्हणायचीस, "बीएस्सीला बोलवा, ती सूत्र म्हनंल." पाहुण्यांसमोर माझ्या हातचा चहा एक घोट घेऊन ओतून द्यायचीस. निकाल लागला त्या दिवशी पेढे नव्हते. नावेचा पाना तू जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या पुढ्यात टाकलास आणि म्हणालीस, "डिग्री झाली. आता काम कर." मला तो पाना फार आवडला होता. हे तुला कधी कळू दिलं नाही.

त्या पान्यानेच मी पुढचं सगळं केलं. घाटावरचा वारा दुपारी पडला की नाव मध्येच उभी राहायची आणि तू एका वल्ह्यावर पाच पाच माणसं किनाऱ्याला आणायचीस. तुझा उजवा खांदा वर जात नव्हता. वेणी घालताना तू डोकंच खाली न्यायचीस. मला डिझेल नको होतं, हे पाणी खालची गावं पितात. दोन सोलर पॅनल, बॅटरी आणि विजेवर चालणारी लहान मोटर, एवढ्यात काम होणार होतं. मी वहीत गणित करून तुला दाखवलं. तू वही उलटी धरलीस, मुद्दाम, आणि शेजारणीला म्हणालीस, "बघ, बरोबर हाय न्हवं?" शेजारीण हसली. मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

पॅनल नावेच्या मागच्या टोकाला लोखंडी सांगाड्यावर बसवले. बसले छान, पण मागच्या तारेची सावली त्यांच्यावरून जात होती. बोटाएवढी सावली, पण पॅनलला ती पुरते. एका रांगेवर पडली तरी सगळी रांग झोपते, वीज निम्मी होते. मी दोन दिवस मीटर लावून बघत बसले. तिसऱ्या दिवशी तार खालून सोडली, नावेच्या डाव्या कोपऱ्यात नवी कडी ठोकली आणि तार तिकडे नेऊन ताणली. वाटेत ती सांगाड्याच्या कडेवरून थोडी वाकत होती. थोडीशीच. वीस वर्षं सरळ ताणलेल्या जुन्या तारेला नवा वाक दिला तर तिचे पदर उकलतात, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते तुला विचारायला हवं होतं. तू काठावर बसून मिश्री लावत होतीस. विचारलंस, "तार हलीवलीस?" मी म्हणाले, सावली पडते. तू चूळ भरलीस आणि उठून गेलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे कॉलेजचे सर आणि पंचायतीचे दोघं मोटर बघायला किनाऱ्यावर उभे आहेत. मी इस्त्रीचा ड्रेस घातला आहे. तू नेहमीसारखी कापूस घेऊन नावेवर चढतेस. पुढची तार, उजवी, डावी. मग मागची. मग तू कापूस मुठीत घेतेस, कमरेला खोचतेस आणि मला म्हणतेस, "चल." मी म्हणते, आज सुकाणूवर मी, तू पाहुणी, तू पुढे बस. तू माझ्याकडे बघतेस. मग पुढे जाऊन खांबाच्या पलीकडे बसतेस, आयुष्यात पहिल्यांदा, हात मांडीवर ठेवून.

मोटर आवाज न करता चालली. सरांनी कौतुक केलं. मग ते म्हणाले, आता शीडही दाखव. मी शीड चढवलं आणि घाटाच्या खिंडीतून वारा आला. मागची तार सांगाड्याच्या कडेपाशी तुटली आणि खांब पुढे गेला. आमच्यापैकी कोणाला ओरखडाही आला नाही. तुझी कंबर मोडली. शीड तुझ्यावर पसरलं होतं. ते ओढून काढलं तेव्हा तू शुद्धीत होतीस. तू माझ्याकडे नाही, पॅनलकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "आता न्हाई पडायची सावली."

किनाऱ्याला आपल्याला मोटरीने आणलं, आई. वल्ह्याने तास लागला असता. हे तू कोणालाच सांगितलं नाहीस. जो बघायला येईल त्याला मात्र सांगायचीस, पोरीनं शिकून कंबरडं मोडलं. माझ्या हातून जेवायची नाहीस, शेजारणीची वाट बघत ताट झाकून ठेवायचीस. मी नाव दुरुस्त करायला घेतली की खिडकीतून ओरडायचीस, "जाळ ती, तुला न्हाई जमायचं." एकदा मी आत आले आणि तुझी खाट भिंतीकडे फिरवली. तुला पाणी दिसू नये म्हणून. चार दिवस तू भिंत बघत होतीस. पाचव्या दिवशी मी खाट परत फिरवली, तर तू कुशीवर वळलीस आणि पाण्याकडे पाठ केलीस. ते पाणी तू पुन्हा पाहिलं नाहीस, असं मला वाटतं.

तू गेल्यावर तुझ्या कमरेच्या चंचीत, मिश्रीच्या डबीखाली, कापसाचा एक बोळा सापडला. चपटा, मिश्रीने काळा पडलेला. त्यात तारेचे दोन बारीक तुकडे अडकलेले आणि मध्ये एक तपकिरी डाग. तो त्या सकाळचा असेल तर डाग गंजाचा आहे, आणि तुला माहीत होतं. माझी चूक सगळ्यांना दिसावी म्हणून तू गप्प बसलीस आणि खांबाखाली जाऊन बसलीस. पण तो मी दहा वर्षांची असतानाचा असेल तर तुकडे माझ्या तळहातातले आहेत आणि डाग रक्ताचा आहे, माझ्या. मग तू तो इतकी वर्षं कमरेला घेऊन फिरत होतीस, आणि ते कशासाठी, हे मला लिहितासुद्धा येत नाही. गंज की रक्त, हे ओळखायला एक थेंब पुरतो. जखम धुवायचं औषध टाकायचं. फेस आला तर रक्त. औषधाची बाटली तेव्हापासून फळीवर आहे.

नाव आता बरी चालते. चारही तारा नव्या आहेत, मागची तू ठेवली होतीस तिथेच, सरळ. सावली पॅनलवर पडते, वीज कमी मिळते, मी दोन फेऱ्या कमी करते. रोज सकाळी कापूस फिरवते. लोक म्हणतात, आईसारखीच आहे. ते मला आवडत नाही.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते. त्या सकाळी मागच्या तारेवर तुझा हात थांबला होता. मी तो पाहिला. कापूस अडकला की हात कसा थांबतो हे या धरणावर आपल्या दोघींशिवाय कोणाला कळणार? मला कळलं. पण सर किनाऱ्यावर उभे होते आणि माझा ड्रेस इस्त्रीचा होता. मी विचारलं नाही, आणि तुला पुढे बसायला सांगितलं.

डाग रक्ताचा निघाला असता तर मला तुझा राग करता आला नसता. मग दोषी उरले असते मी एकटीच. म्हणून आज सकाळी चहा ठेवायच्या आधी तो बोळा मी चुलीत टाकला. कापूस लगेच गेला. तारेचे तुकडे राखेत होते, तेही राखेबरोबर उकिरड्यावर टाकले. मग पाण्यावर गेले आणि नव्या कापसाने चारही तारा पुसल्या. कुठे अडकला नाही.