बाबांनी राखलेला तळ

प्रिय अनुपदादा,

तुझा पुण्याचा पत्ता खुशालकडून मिळाला. तुझा तो शाळेतला मित्र आता इथेच पवनीत मोबाइलचं दुकान चालवतो. द्यायला तो तयार नव्हता, पण मी दुकानातून हललेच नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

आई बरी आहे, गुडघे सोडले तर. बाबांनी माग बंद केला त्याला आता चार वर्षं झाली. माझं लग्न काही जमलं नाही. मी जवळच्या गावच्या शाळेत शिकवते आणि संध्याकाळी घरी येते. तुमसरचे पाहुणे मला बघायला आले होते, तो दिवस तुला आठवतच असेल. सगळे ओसरीवर बसलेले, पोह्यांच्या बशा रिकाम्या झालेल्या, आणि तू आत गेम खेळत होतास, तिथूनच म्हणालास, "पाच मिनिटं, हल्ला आलाय, मधेच थांबवता येत नाही." बाबा आत गेले आणि त्यांनी कॉम्प्युटरची वायरच ओढली. तीन महिने खपून बांधलेला तुझा तळ जळून गेला असं तू ओरडलास, पाहुणे हसले, आणि बाबांचा हात उठला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तू गेलास. माझ्यामुळे झालं असं मला बरेच दिवस वाटायचं. अजूनही वाटतं.

पुढचं तुला माहीत नाही. तू गेल्यावर पंधरा दिवसांनी बाबा मला म्हणाले, "मोना, अनुपचं थे मशीन लावून दे मले. काय जळलं थे पाहू दे." तुझ्याच नावाने गेम उघडला. कुंपण पडलेलं, कोठार अर्धं लुटलेलं, आणि तुझी दहा-बारा माणसं अंगणात नुसती उभी. बाबांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "थो आला आन् असं पाहिलं तं काय म्हणन? पुन्ना बांधाचं कसं, सांग."

मी शेजारी बसून तुझं बघत असायची, तेवढं मला येत होतं. तेवढं शिकवलं. जन्मभर मागावर धोटा फेकलेला हात महिन्याभरात बटणांवर बसला. कुंपण उभं राहिलं, चारी कोपऱ्यांना मनोरे झाले, कोठार भरलं. पण तो गेम किती छळतो ते तू मला कधी सांगितलं नव्हतंस. बाबांना त्यातला समुद्र बघायचा होता. नकाशाच्या पार पश्चिमेला आहे ना, तो. दोन डोंगर ओलांडून खिंडीत पोचले की भोंगा वाजायचा: तळावर हल्ला. पाच मिनिटांत परत आलं नाही तर सगळं गेलं. परत यावं तर मनोऱ्यावरचे पहारेकरी बंदुका धरून उभे, समोर कोठार जळतंय आणि ते गोळी झाडत नाहीत. मालक जवळ असेल तरच झाडतात. बाबा वैतागून म्हणायचे, "एवढी मानसं आहेत, बंदुका आहेत, तरी मीच पायजे? मंग या मानसायले ठेवलं कायले?" भिंत जाड केली की पुढच्या वेळी दुप्पट लुटारू. कधीकधी तर ते कुंपणाच्या आतच उगवायचे. दार लावून काय उपयोग, असं बाबा विचारायचे.

गेम बंद असताना व्हायच्या हल्ल्याची सूचना दोन तास आधी त्यांच्या मोबाइलवर येईल असं खुशालने करून दिलं. मग ते लांब कुठे जाईनासेच झाले. दिघोरीला मामांच्या घरच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी सूचना आली, तसे ते उठून बसस्टँडवर गेले. लोकांना वाटलं, मोतीलाल रुसला. आई मला म्हणाली, "पोराले पळवलं त्या खेळानं, आता यायलेबी त्याचाच नाद लागला." तिने एकदा मशीनवर पाणी ओतायला तांब्या उचलला होता. बाबा मशीनसमोर आडवे उभे राहिले. तिने तांब्या खाली ठेवला.

सहा वर्षं, दादा. तेवढ्या काळात तो तळ एकदाही पडला नाही. समुद्र त्यांनी पाहिला नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी ते वैनगंगेवर आंघोळीला गेले होते. परत येऊन मशीन लावलं तर सपाट माळ. कुंपण नाही, मनोरे नाहीत, माणसं नाहीत. मोबाइलवर सूचनाही आलेली नव्हती. मी शाळेत निघाले होते, त्यांनी मला हाक मारली. कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ होती. "काय लिवलं आहे थे?" त्यांनी विचारलं. लिहिलं होतं की नऊ वाजून दहा मिनिटांनी मालकाने स्वतः तळ मोडून टाकला. मी वाचलं आणि म्हणाले, "हल्ला झाला, बाबा."

तू कुठूनतरी उघडून पाहिलं असशील. कुणी परका आपल्या नावाने खेळतो आहे असं वाटलं असेल, किंवा काहीच वाटलं नसेल, नकोसं झालं म्हणून पुसलं असेल. मी दोष देत नाही. पुन्हा बांधून दे किंवा घरी ये, असंही म्हणत नाही. ते व्हायचं नाही, मला कळतं. पण जे मोडलंस ते कोणाच्या हातचं होतं, एवढं तुला माहीत असावं म्हणून हे पत्र. बाबांना मी खरं सांगणार नाही. ते आता नदीवर जात नाहीत, मोरीतच दोन तांबे अंगावर घेतात. दर दोन दिवसांनी मला म्हणतात, "त्या दिवशी आंघोळीले गेलो नसतो, तं वाचला असता."

तुझीच,
मोना