दुखणं थांबलं तेव्हा

माय, तुझी नात आत टेबलावर आहे आणि मी गोंदियाच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून तुला लिहितो आहे. तू जाऊन अकरा वर्षं झाली. आज तिची उजवी बाजू दुखायला लागली. डावी तुझ्या डोळ्यांदेखतच गेली.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षीची धानकापणी. चौदा वर्षांची पोर धानाच्या बांधीतच पोट धरून बसली, ओकायला लागली. सगळे म्हणाले, बोंबी सरकली, बेंबी जागची हलली. बोंबी बसवणारी म्हातारी आली. तिनं तेल लावून पोट रगडलं, बेंबीवर पेटती पणती ठेवून वर तांब्या पालथा घातला. पोर किंचाळते आहे आणि म्हातारी म्हणते, "काऊन इतकी वरडून राहिली व? लेकरू होईल तवा काय करशील?" बाया हसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं थांबलं. मी देवीपुढे नारळ फोडला. तू मात्र तिच्या तोंडाकडे पाहत होतीस. "हे बरं होनं नाई, लेका. गाडी जुप, दवाखान्यात ने तिले." मी म्हणालो, "कायले? सोयरीक होऊन राहिली, लोक काय म्हनतील?" तिसऱ्या दिवशी ताप चढला, तेव्हा सौंदडहून रेल्वेनं निघालो.

डॉक्टर चिडले. "दो दिन घर में क्यों रखा?" नंतर त्यांनी समजावलं. अंडाशयाला देठाशी तीन वेढे पडले होते, रक्त अडलं, ते काळं पडलं, म्हणून काढावं लागलं. दुखणं थांबलं ते मेलं म्हणूनच.

लग्नाला आठ वर्षं झाली, तिला मूल नाही. या खेपेला माहेरी आली असताना कळ उठली, तर मी मिळेल त्या पहिल्या गाडीनं आणली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजव्यालाही पीळ पडला असावा, तो सोडवून ओल्या गरम कापडात धरून पाहीन. रंग परतला तर टाका घालून जागेवर ठेवीन, नाही तर काढीन. काढलं तर मुलाची आशा संपली. मी नामस्मरण करू पाहतो. पण रेल्वेतच ती म्हणाली होती, "बाबा, आता नाई दुखून राहिलं." तेव्हापासून देवाचं नाव तोंडात टिकत नाही.

दार अजून बंद आहे. हा कागद कुठं धाडणार? तरी सांगतो. त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बोट दाखवलं, "माय ऐकत नव्हती." तू शेजारीच उभी होतीस. पोरीलाही तेच सांगत आलो. आज आत जाताना ती हसून म्हणाली, "बरं झालं बाबा, या टायमाले आजी नाई अडवाले."

मी होकारार्थी मान हलवली.