भाताआधी एक चांगली गोष्ट

प्रिय शकुंतला,

दुपार झाली आहे, तन्वीचा शाळेचा ऑटो अजून आलेला नाही, आणि मला आपल्या सुनेला फोन करायचा नाही. हातांना काहीतरी काम हवं, म्हणून तुला लिहायला बसलो.

हसू नकोस! फोन मी तांदळाच्या डब्यात टाकला आहे. समोर दिसला की बोट आपोआप तिकडे जातं. झाकण घट्ट लावून वर तुझा खलबत्ता ठेवला. एवढं सगळं हटवून फोन काढेपर्यंत माणसाला थोडी अक्कल येते, असा माझा अनुभव आहे.

तुला जाऊन वर्ष होत आलं. सातवी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे. पत्रं लिहायची सवय मला कधी होती? तू माहेरी गेलीस की पोचल्याचं कार्ड तूच टाकायचीस. तेही निघण्याआधी मी शंभरदा बजावलेलं असायचं म्हणून.

आज पूर्णिमाचा मोठा दिवस आहे. नव्या रायपूरच्या त्या ऑफिसात तिला पक्कं करायचं की नाही, हे आज साहेब लोक ठरवणार. सकाळी तुझी जांभळी साडी हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. “बाबूजी, मम्मी की ये पहन लूँ?” मी म्हटलं, “नेस न बेटा, मले काय विचारतेस?” मग ती वाकून पाया पडली आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? “बस हळू चालवायला सांगशील!” बघ, आशीर्वादसुद्धा मला धड देता येत नाही.

तू नोकरीची गोष्ट ऐकायला थांबली नाहीस, म्हणून सांगतो. तू गेल्यानंतर ती लागली. घरी मी आहे, शाळेतून आलेल्या तन्वीला मी बघेन, या भरवशावर. माझ्या भरवशावर! तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

पण त्याआधी तुझ्या भाताचं सांगतो.

तू गेल्यावर आम्ही चौघं जेवायला बसायचो आणि भांड्यांचाच आवाज यायचा. विवेक ताटात बघून जेवायचा. अगं, तुझा मुलगा आहे, दुःख झालं की त्याची मान खालीच जाते. एका संध्याकाळी पोळी संपली, पूर्णिमा भात वाढायला लागली आणि तन्वीने ताटावर दोन्ही हात पालथे घातले.

“पहले पूछो!”

“क्या पूछूँ?” पूर्णिमा म्हणाली.

“आजी पूछती थी. पूछे बिना भात नहीं देती थी.”

खरं होतं तिचं. तू अशी वाढायला उभी राहायचीस, गोल बाजारातून घासाघीस करून आणलेली ती पितळी भातवाढी हातात उंच धरून. “सांगा, आज काय चांगलं झालं? मंग भात.” भाताच्या मुलखात येऊन भात अडवणारी बाई! पूर्णिमा नवी नवरी असताना तिला वाटलं होतं, मराठी लोकांत हा काही कुळाचार असेल. “हमारे यहाँ तो भात ही पहले आता है,” असं ती घाबरून विवेकला म्हणाली होती, आठवतं? आणि तू म्हणालीस, “भात येईल बेटा, तुह्यासाठी पण येईल, पयले सांग तं खरं!”

मला ती भातवाढी म्हणजे फाटकच वाटायची. नोकरीभर मी रेल्वेचं फाटक सांभाळलं आणि घरी येऊन तुझ्या फाटकापुढे उभा राहायचो.

आणि मी काय सांगायचो? “काही नाही झालं.” रोज तेच! तात्यापाऱ्यातल्या त्या भाड्याच्या घरातही तेच आणि या तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्येही तेच. तू म्हणायचीस, “काहीच नाही? मंग बसा उपाशी.” आणि वाढायचीस, वर तूप जरा जास्तच. तू मात्र स्वतःचं सांगताना घरातल्या कोणाचं तरी नाव घ्यायचीस. पूर्णिमाने मेथी निवडून ठेवली, माझा वेळ वाचला. विवेकने पंखा पुसला, वारं जास्त लागून राहिलं. एकदा तर तू माझंच नाव घेतलंस! “यांनी झोपताना दोनदा गॅस पाहिला, मी काल निवांत झोपली.” ज्या गोष्टीवरून सगळं घर मला चिडवायचं, तीच तू चांगल्यात मोजलीस. तेव्हा मी तुला काहीच कसं बोललो नाही गं? बहुतेक आणखी भात मागितला असेन.

तर त्या संध्याकाळी कोणीतरी विचारायला हवं होतं. विवेकची मान खाली, पूर्णिमाच्या हातात भातवाढी. मग मीच विचारलं. “सांग बाई, काय झालं चांगलं?”

तन्वीने लगेच हात काढले. “मैम ने मेरी ड्रॉइंग दीवार पर लगाई. पर उल्टी लगा दी. फिर भी अच्छी लग रही थी.”

विवेक हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग त्याने आपलं सांगितलं, “आज आमचे साहेब सुट्टीवर होते.” पूर्णिमा हसली. अशी तुझी पद्धत परत सुरू झाली. रोज विचारायचं काम माझ्याकडे आलं.

आता फोनचं. तुला माझी सवय माहीत आहे. स्टेशनहून फोन आला की फाटक लावायचं, गाडी गेली की फोन करून कळवायचं. न कळवता झोपलेला गेटमन तू पाहिलास का कधी? पूर्णिमा ऑफिसला जायला लागली आणि मी तसंच सुरू केलं. ऑटो आला, फोन. ऑटो नाही आला, फोन. आभाळ आलं, फोन. “बेटा, लिफ्टचा आवाज वेगळा येऊन राहिला.” “बेटा, गॅसचा वास येऊन राहिला, काय करू?” तो वास शेजारच्या वहिनींच्या हिंगाच्या फोडणीचा निघाला, तोवर तिकडे पूर्णिमा ऑफिसातल्या मीटिंगमधून उठून बाहेर आलेली होती.

तिचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “मैडम, आपका घर है या फायर ब्रिगेड का दफ्तर?”

हे तिने घरी हसत सांगितलं. मीही हसलो. पण रविवारी माझ्याजवळ मटर सोलायला बसली तेव्हा ती हसत नव्हती. ती भांडली असती तर बरं झालं असतं, मी उलटून बोललो असतो. ती हळूच म्हणाली, “बाबूजी, ऐसा चलेगा तो ये लोग मुझे पक्का नहीं करेंगे. और मुझे ये नौकरी बहुत अच्छी लगती है.”

मटाराचे दाणे माझ्या हातून खाली सांडले. मी म्हटलं, “मी का मुद्दाम करतो का बेटा? जीव राहत नाही.”

“मालूम है.” तिने दाणे गोळा केले. मग म्हणाली, “एक काम करो न. जो चिंता आए, उसको भात तक रख लो. रात को मैं पूरी सुनूँगी, बीच में उठूँगी भी नहीं. बस ऑफिस में फोन मत करना. हव?”

इथल्या लोकांचं ते ‘हव’ ऐकलं की नाही म्हणताच येत नाही. मी म्हटलं, “हव.”

शकुंतला, पहिला दिवस काय गेला म्हणून सांगू! गॅलरीतून तलाव बघितला, रस्ता बघितला, पुन्हा रस्ता बघितला. काळजी पोटात ठेवणं म्हणजे उकळता चहा तोंडात धरण्यासारखं आहे. त्याच दिवशी फोन डब्यात टाकायची युक्ती सुचली; तरी पुढे रोज एखादा फोन निसटायचाच.

संध्याकाळी पाळी आली. तन्वी म्हणाली, “आबा, अब आप.” मी दिवसभराचं साठवलेलं काढायला गेलो, तर निम्म्याला काही दमच उरलेला नव्हता. ऑटो आलेला होता. आभाळ निघून गेलं होतं. मग मी म्हटलं, “आज गॅस गळत नव्हता. आणि लिफ्टमध्ये कोणी अडकलं नाही.”

तन्वी खो खो हसायला लागली. “आबा! ये तो कुछ हुआ ही नहीं!”

मला वाटलं, आता सगळेच मला हसणार. पण तुझा तो मुका मुलगा मान वर करून म्हणाला, “अगं, आबा फाटकावर होते. फाटकावर काही झालं नाही म्हणजे तो दिवस चांगला. लहानपणी मी झोपेतून उठून त्यांना घरात पाहिलं की मलाही तसंच वाटायचं.”

तू ऐकलंस का हे? मला तर तोपर्यंत माहीत नव्हतं, की तो उठून बघायचा.

त्या दिवसापासून माझं खातं तेच. आज नळ उघडा राहिला नाही. आज तन्वी पायरीवरून पडली नाही. कार्टी मला चिडवते, “आज आसमान भी नहीं गिरा, आबा!” मी म्हणतो, हो, तेही लिही माझ्या नावावर. पण खरं सांगू? रोज भातापर्यंत थांबून बघितल्यावर कळतं, की किती गोष्टी नीट पार पडतात. आपण तर फक्त बिघडलेली एखादी धरून बसतो. तू हे मला इतकी वर्षं भातवाढीने समजावत होतीस आणि मी तूप खात बसलो. तू जरा रागावून सांगायला काय झालं होतं? तुझ्यावर माझा एवढाच राग आहे. हो, आणि हिंगाची डबी कुठे ठेवलीस, तेही सांगून गेली नाहीस!

ऑटो अजून आला नाही.

आत्ता पुन्हा गॅलरीत जाऊन आलो. रस्त्यावर पोलीस उभा आहे आणि गाड्या मागेपर्यंत थांबल्या आहेत. पूर्णिमा या वेळेला साहेबांसमोर बसली असेल. तिची ही नोकरी आज माझ्यामुळे जाता कामा नये. मी उठणार नाही. डब्याकडे बघणारसुद्धा नाही.

अगं थांब! डबा वाजतो आहे!

बसलो परत. अक्षर वाकडं आलं तर बघू नकोस. ओट्यावर आणि जमिनीवर सगळीकडे तांदूळ झाला आहे. खलबत्ता पायावर पडता पडता वाचला. (हे आज रात्री सांगायला झालं.)

पूर्णिमाचा फोन होता.

“बाबूजी! आज आपका फोन ही नहीं आया. सब ठीक है न?”

मी म्हटलं, “तूच तं नको म्हणाली होतीस.”

“हाँ, पर रोज एक-आध तो आ ही जाता था न! आज एक भी नहीं, तो मुझे घबराहट होने लगी. तन्वी आ गई?”

“नाही आली.” आणि मग माझा सगळा बांध फुटला. “रस्त्यावर पोलीस आहे, गाड्या थांबून आहेत, काहून थांबून आहेत कोण जाणे…”

“मंत्रीजी का काफिला है, बाबूजी. हमारी तरफ भी सुबह रोका था. अभी छोड़ देंगे. आपने फोन कहाँ रखा था? कितनी देर घंटी गई!”

“तांदळाच्या डब्यात.”

“चावल में? काहे?”

“तुझं काम होतं न आज.”

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, “हो गया, बाबूजी. पक्का हो गया.”

मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुतेक ‘बेटा, बेटा’ एवढंच.

“इनको भी नहीं बताया अभी,” ती म्हणाली. “रात को भात के पहले मैं ही बताऊँगी. तब तक आप किसी को मत बोलना. हव?”

“हव,” मी म्हटलं.

आणि बघ, आता मी फसलो! काळजी भातापर्यंत ठेवायला मी कसाबसा शिकलो होतो. आनंद ठेवायचा कसा, हे मला कोणी शिकवलंच नाही. विवेकला सांगायचं नाही, शेजारच्या वहिनींना सांगायचं नाही. तन्वीला तर अजिबातच नाही. राहिलं कोण? तू! म्हणून विवेकच्याही आधी तुला कळलं. तुझी जांभळी साडी नेसून ती पक्की झाली, शकुंतला.

खाली ऑटो वाजला. गॅलरीतून बघितलं, तन्वी दप्तर हलवून हात करते आहे. पायात बूट दोन्ही आहेत. नीट चालते आहे.

वर आली. आल्या आल्या म्हणाली, “आबा, किचन में चावल क्यों गिरा है? और आप हँस क्यों रहे हो?”

मी म्हटलं, “काही नाही.”

“झूठ! बताओ न!”

“भाताच्या आधी.”

ती फुरंगटून आत हात धुवायला गेली आहे. तेवढ्यात हे पुरं करतो, नाहीतर ती येऊन डोकावेल आणि आमचं गुपित फुटेल. मराठी वाचता येत नाही म्हणते, पण अशा वेळी बरोबर येतं.

तुला एक वचन देतो. संध्याकाळपर्यंत मी तोंड उघडणार नाही. जेवताना आधी सगळ्यांना विचारेन, तुझ्यासारखी हातात भातवाढी उंच धरून. पूर्णिमाचं सगळं ऐकून घेईन, जणू पहिल्यांदाच ऐकतो आहे. आणि माझी पाळी आली की आज काही झालं नाही असं म्हणणार नाही. तू घ्यायचीस तसं घरातल्या माणसाचं नाव घेईन. म्हणेन, आज पूर्णिमाने मला फोन केला, कारण माझा फोन गेला नव्हता. मग तन्वीला हसायचं तेवढं हसू दे.

आणि जो भात होईल, तो हाच सांडलेला तांदूळ निवडून, धुऊन. वर तूप मी वाढेन, जरा जास्तच.

तुझा,
दामोदर गेटमन
(आता ड्युटी सहाव्या मजल्यावर)