क्याईंच्या टोपीशेजारचा चंद्र

रमजान ४

विश्वाचं वय पुन्हा बदललं! आजच्या पेपरात, साबणाच्या जाहिरातीच्या वर. आहे त्याच्या दुप्पट असू शकतं म्हणे. असू शकतं! माझ्याकडे गिऱ्हाईक घड्याळ घेऊन आलं आणि मी म्हणालो, साडेचार वाजले असतील किंवा मग नऊ — तर पुन्हा दुकानाची पायरी चढेल का?

पोरीला, पालुपीला, फोनवर वाचून दाखवलं. बापाला काय, वडीलधाऱ्याला काय, इथे 'पाक'च म्हणतात. "पाक, ते एकाच माणसाचं मत असेल. पेपरवाल्यांना मथळा लागतो." म्हणजे चूक पेपरवाल्याची. शास्त्रज्ञ कायम धुतल्या तांदळासारखे!

माझी पोर बांडुंगला बसून न दिसणाऱ्या पदार्थाचा शोध घेते. कुठल्या तरी परक्या देशात जमिनीखाली खोल टाकी पुरली आहे. तिच्यात त्या पदार्थाचा एखादा कण येऊन आपटतो का, याचे आकडे हिच्या संगणकावर येतात. चार वर्षं झाली. एक कण नाही. मी म्हणतो, दिसत नाही ते नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

दुकानात दुसरं स्टूल तिचंच. लहानपणी त्यावर बसून ती गजराची घड्याळं उघडायची. आजही पुसून ठेवलं. तिने परत यावं, एवढंच मागणं आहे. ते फोनवर बोलता येत नाही, म्हणून विश्वाच्या वयावर भांडतो.

रमजान ७

डोंगरावर घड्याळ पुढे धावतं, कारण तिथे वेळच जोरात चालते — पेपर.

अरे बाबांनो, डोंगरावर थंडी असते! थंडीत लंबक आखडतो. आखडला की घड्याळ पुढे जाणारच. चाळीस वर्षं तेच दुरुस्त करतोय. यात वेळ कुठे वाकली?

पालुपी म्हणाली, "पाक, ती लंबकाची नसतात, अणूंची घड्याळं असतात."

"अणूला थंडी वाजत नाही कशावरून?"

हसली. खूप दिवसांनी हसली.

रमजान १२

दुकानातला बल्ब सैल झालाय. भिंग लावून काम करताना उजव्या कडेला चमक येते. नवा आणला.

रमजान १३

नवा बल्बही तसलाच निघाला! हल्ली कशातच दम नाही. वर एक माशी डोळ्यासमोर घोंगावते, हाताला सापडत नाही.

समोरच्या गाड्यावरचा रेबो ओरडला, "पाक सर्जोनो, उपासात माश्या मारताय? भूक फार लागली का?" त्याला विश्वाचं वय सांगितलं. म्हणाला, "असेल की दुप्पट. माझी बायकोही आधी कमीच सांगायची."

रमजान १९

पालुपीने ईदचं तिकीट काढलं. रात्रीची गाडी, तिसाव्या रोज्याला सकाळी सुराबायाला उतरणार, तिथून इथे तुबानला. मी म्हणालो, "आणि एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला तर? तिसावा उजाडेल तोच ईद म्हणून! तू तेव्हा गाडीत असशील."

"नाही दिसणार, पाक. त्या संध्याकाळी तो सूर्यापाठोपाठ लगेच बुडतोय. गणित केलंय."

गणित! चंद्र अजून उगवायचाय आणि हिने तिकीट काढून ठेवलंय! मी चंद्रदर्शन कमिटीतला माणूस. आम्ही टेकडीवर जाऊन डोळ्यांनी बघतो. दिसला तर न्यायाधीशांपुढे कुराणावर शपथ घेतो, मग जाकार्ताला फोन जातो. बाप शपथ घेतो आणि पोर तिकीट काढते.

जाता जाता म्हणाली, "पाक, कंटाळा आलाय मला." कशाचा ते नाही सांगितलं. मीही विचारलं नाही. पण खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

रमजान २९, दुपारी

टेकडीवर निघायचंय. वीस वर्षं जातोय, एकदाही माझ्या साक्षीने ईद झाली नाही. कधी ढग, कधी दुसराच कुणी आधी ओरडतो. बायकोला, सुमिनाहला, म्हणालो, यंदा बघ. ती भाताच्या पुड्यांसाठी नारळाची पानं विणत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो पाकने, पोरीचे बाबा, यंदा नका बघू. पोर येऊ दे."

खरं आहे. दिसला तर उद्या ईद. नमाज झाली की पोरं आईबापाच्या पायाशी बसून माफी मागतात, तेव्हा माझी पोर रेल्वेत असेल. दोन वर्षं ती या ना त्या कामाने आलेली नाही.

न दिसो! पण दिसला तर दिसला म्हणायचं. डोळ्यात तेल घालून बघायचं.

रमजान ३०, पहाटे

दिसला होता!

सूर्य बुडाला. समुद्रावर केशरी पट्टा, वर स्वच्छ आभाळ. मी जरा नजर वळवली आणि उजव्या कडेला चांदीची कोर. बारीक, स्वच्छ. गेली पोरीची ईद! तरी ओरडलो, "दिसला!"

सगळी टेकडी माझ्याकडे बघायला लागली. दुर्बिणीपाशी कॉलेजातल्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, "पाक, तिथे काहीच नाही." म्हटलं, दुर्बीण पुसा! न्यायाधीश कुराण घेऊन पुढे आले. क्याई माकरूफ, आमच्या मदरशाचे मोठे गुरुजी, माझा हात धरून म्हणाले, "सर्जोनो, घाई नको. शिंगं कुठल्या बाजूला? सूर्याच्या डावीकडे की उजवीकडे?"

उत्तर द्यायला मी त्यांच्याकडे वळलो. कोरही वळली. क्याईंच्या काळ्या टोपीशेजारी येऊन चमकली. न्यायाधीशांकडे पाहिलं, तर त्यांच्या खांद्यावर! चंद्र माणसाच्या खांद्यावर बसत नाही.

वीस वर्षं ज्या शपथेची वाट पाहिली ती समोर होती. म्हणालो, "शपथ नाही घेत. हा चंद्र माझ्या डोळ्यातला आहे."

वाटलं होतं, हसतील. कुणी हसलं नाही. क्याईंनी जाकार्ताला फोन लावला. "तुबानहून बोलतोय. नाही दिसला." 'दिसला' सांगताना जसे ताठ उभे राहतात, तसेच ताठ उभे राहून सांगितलं. रात्री टीव्हीवर मंत्रीही तेच म्हणाले — देशभरातून कळवलंय, कुठेही दिसला नाही, तर तीस रोजे पुरे करा. एवढ्या सगळ्यांनी 'नाही' म्हटलं म्हणून ईद ठरली.

गाडीत बसलेल्या पालुपीला फोनवर सगळं सांगितलं. हसेल म्हणून सांगितलं. ती हसली नाही. "डोळा हलवला की कोर हलते? आणि माश्यांसारखं काही तरंगतं?"

"तुला कसं कळलं?"

"कधीपासून?"

"दोनेक आठवडे. मी बल्ब बदलला की."

"बल्ब!" ती किंचाळली. "पाक, डोळ्याचा पडदा फाटत असेल! माझ्या ऑफिसातल्या एकीचं हेच झालं होतं. इकडेतिकडे कुठे जाऊ नका, सरळ सुराबायाला या. मी उतरतेच आहे."

रेबोने कुणाची तरी व्हॅन मिळवली आहे. आता निघतोय. सुमिनाह सारखी रडते आणि सारखी मला रडू नका म्हणते. मला भीती वाटते आहे. डोळा गेला तर घड्याळजी कसला?

शव्वाल १

ईद मुबारक. आज कमी लिहायचं, डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे.

काल त्यांनी माझ्या डोळ्याचा फोटो दाखवला. पडद्याला फाट, घोड्याच्या नालाएवढी वाटली. असते म्हणे कणभर. जी फाट होती ती मला दिसली नाही, आणि जो चंद्र नव्हता तो दिसला. आणखी आठवडा गेला असता तर पडदाच सुटला असता. लेझरने कडेकडेने टाके घातले. उजेडाचे टाके! हिरवा लख्ख उजेड, टिक टिक टिक.

बाहेर पालुपी उभी होती. वाळली आहे. म्हणाली, "पाक, तुम्ही ज्याला थापा म्हणता ना, एक कण दोन ठिकाणी वगैरे, त्याच थापांतून हा लेझर निघालाय."

म्हणालो, "शिवण चांगली आहे. शिंप्याचं म्हणणं अजून पटलेलं नाही."

आज नमाजेनंतर ती पायाशी बसली, कपाळ माझ्या गुडघ्यावर टेकलं. "माफ करा, पाक. मनातलं, वागण्यातलं, सगळं." मीही माफी मागितली. तिघंही रडलो, मग कोंबडी खाल्ली. डॉक्टरीणबाईंनी रडू नका असं सांगितलं नव्हतं.

शव्वाल ३

जेवताना पालुपी म्हणाली, "मी काम सोडतेय. दुकान बघेन. चार वर्षं रोज लिहितेय, काही दिसलं नाही, काही दिसलं नाही. तुम्ही बरोबर होतात, पाक."

चार वर्षं हे वाक्य ऐकायला कान टवकारून बसलो होतो. ऐकलं, आणि हातातला घास परत ताटात ठेवला. सुमिनाहचा चेहरा मात्र उजळला. दुपारी पोर दुकानात आली, स्टुलावर बसली, एक जुनं गजराचं घड्याळ उघडलं. हात अजून तयार आहे. मी एका डोळ्याने बघत बसलो. इतकं सुख झालं की लाज वाटली.

शव्वाल ४

टेकडी डोक्यातून जात नाही.

संध्याकाळी पालुपीला म्हणालो, "त्या दिवशी क्याईंनी फोनवर काय सांगितलं माहीत आहे? नाही दिसला. वीस वर्षं मी बहुतेक वेळा हेच सांगायला टेकडी चढलोय. पाय दुखले, ढगांना शिव्या दिल्या. पण फुकट गेलो असं मला कधी वाटलं नाही."

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"कुणी वरच गेलं नाही, तर 'नाही दिसला' हे तरी कोण सांगणार? आणि मग माझ्यासारखा एखादा ओरडेल, दिसला! आणि देश त्याच्या फुटक्या डोळ्यावर ईद करेल."

"पाक, तुम्ही माझ्या टाकीबद्दल बोलताय?"

"चंद्राबद्दल बोलतोय. तुझा तो पदार्थ मला पटलेला नाही. आणि वेळ वाकते हे तर मुळीच नाही!"

ती हसायला लागली, मग हसता हसता रडायला. म्हणाली, "पण दुकान? तुमचा डोळा?"

"दुकानात जागा नाही," म्हणालो.

शव्वाल ५

सकाळी तिला बांडुंगला परत जायला सुराबायाच्या बसमध्ये बसवून दिलं. घरी आलो आणि दुसरं स्टूल रेबोच्या गाड्यावर नेऊन ठेवलं, त्याच्या गिऱ्हाइकांना बसायला.