पौर्णिमेची अव्होकॅडोची कोय

खुशाल,

मी बहिणीकडे चांदूर बाजारले चालली, परवा येईन. वांग्याची भाजी केली हाय, बाहेरचं हादडू नको.

तुही पोरगी पौर्णिमा पुण्याले जाताना अव्होकॅडोची कोय गिलासात टांगून गेली होती. ती पाण्यात नुसती फुगून बसली. मंग पेरणीआधी बी उगवते का पाहतो तशी म्या ओल्या पोत्यात गुंडाळली, तर फुटली. यंदा वावरात काही धड उगवलं नाही, ही मातर उगवली. पोतं मोरीपाशी हाय. पाणी शिंपड, पण उलगडून पाहू नको, तुले धीर नाही.

पौर्णिमेनं इचारलं तर आजून फुटली नाही सांग. तुह्याशी ती दुनियेचं बोलते. मले फोन करते तो कोयीचं इचाराले. फुटली म्हटल्यावर ती मले काय इचारीन?

माय