तांदळाचं ताट

टोरांटो

तीर्थरूप बाबांना,
तुमच्या हट्टी लेकीचा नमस्कार.

जिंकलो! पाहुणी म्हणून राहायची माझी मुदत वाढवून मिळाली. आता डॅनियलजवळ राहूनच कायमच्या वास्तव्याचा अर्ज करीन. त्यानं आनंदानं शिरा केला, खाण्यासारखा होता.

लग्नात माझं नवं नाव लिहायला मांडलेलं तांदळाचं ताट तुम्ही “नाव एकदाच ठेवतात” म्हणत उचलून नेलंत आणि मंदाआत्या न जेवता गेली. लग्नात नाव बदललेल्या इथल्या मैत्रिणीचे कागद अजून अडकलेत. माझ्या पासपोर्टवर आणि लग्नाच्या दाखल्यावर मात्र एकच नाव!

आईचा गुडघा कसा आहे? खरं सांगा, कारण इतक्यात मला येता यायचं नाही.

आत्याला हे मोठ्यानं वाचून दाखवा. मग जेवायलाच बसवा.

तुम्ही ठेवलेल्या नावाचीच,
सुरुची